कान बसेपर्यंत

मावसभाऊ जानेवारीत इंग्लंडहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेत स्वेटरांच्या घड्यांमध्ये पांढऱ्या प्लॅस्टिकचे चार तुकडे होते: चेहरा, डोक्याची मागची बाजू आणि दोन कान. सोबतच्या पिशवीत हिरव्या लेन्सचं प्लॅस्टिक, कपाळावर बसवायची काळी रबरी पट्टी, हनुवटीजवळच्या दोन जाळीदार टोप्या आणि मूठभर स्क्रू. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ सिनेमातल्या स्टॉर्मट्रूपरचं, म्हणजे पांढऱ्या चिलखतातल्या सैनिकाचं शिरस्त्राण! शाळेत वहीच्या मागच्या पानावर मी जे काढत बसायचो, ते आता पनवेलच्या आमच्या जेवणाच्या टेबलावर सुटं पडलं होतं. असलं काही जोडायची माझी ही पहिलीच वेळ. मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि सिनेमांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, ते घालून जायचं, एवढंच तेव्हा ठरलेलं होतं.

किट म्हटलं की वाटतं, सगळं मापात कापून आलेलं असेल. तसं नसतं. एबीएस प्लॅस्टिकचं पान तापवून मऊ करतात, साच्यावर टाकतात आणि खालून हवा ओढून घेतात. पान साच्याला चिकटून आकार घेतं, पण त्याच्या कडेला चारी बाजूंनी फालतू झालर उरते. डोळ्यांच्या जागीही फक्त खळगे असतात. कुठे कापायचं हे आपण ठरवायचं.

पहिले तीन दिवस मी मुख्य तुकड्यांना हातच लावला नाही. झालरीचा एक कोपरा कापून घेतला आणि त्यावर हात बसवला. एबीएस आरपार कापायचं नसतं. पेपर कटरने एकाच रेघेवरून हलक्या हाताने तीन-चार वेळा ओरखडा काढायचा आणि मग तुकडा वाकवायचा. टक् आवाज होतो आणि रेघेवर स्वच्छ मोडतो. जोर लावला की पातं घसरतं, आणि पांढऱ्या चकचकीत पृष्ठभागावर पडलेला ओरखडा लपत नाही. डोळ्यांना आधी ड्रिलने ओळीने भोकं पाडली, मधला भाग काढला आणि अर्धगोल कानशीने पेन्सिलच्या रेघेपर्यंत घासत आणलं. एका डोळ्याला एक अख्खी संध्याकाळ गेली.

दोन्ही डोळे झाल्यावर दोऱ्याने मोजले, तर डावा-उजवा सारखे नव्हते. गालही वेगळे. माझ्या पोटात गोळा आला. कापण्यात चूक झाली म्हणावं, तर साच्याचा उंचवटाच तसा होता. मग वाचताना कळलं, की मूळ शिरस्त्राणं हातानेच घडवली होती आणि त्यांच्या दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. चांगली किटं बनवणारे हा तिरपेपणा मुद्दाम जपतात. १९९७ साली अमेरिकेत सुरू झालेली ५०१ वी लीजन ही असे पोशाख घालणाऱ्यांची जगभर पसरलेली संघटना आहे. तिथले जाणकारसुद्धा शिरस्त्राण पारखताना हे सगळं बारकाईने बघतात. त्यानंतर मी दोऱ्याने मोजणं सोडून दिलं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये कॉपीराइटच्या एका खटल्यात या शिरस्त्राणाला कायद्याच्या अर्थाने शिल्प मानायला नकार दिला होता. कायद्याचं मला कळत नाही, पण तो चेहरा आठवडाभर मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला तो निकाल पटणं अवघड आहे.

खरी परीक्षा कानांची. चेहरा आणि मागची बाजू जिथे भेटतात, तो सांधा कान झाकतो. पण शिरस्त्राणाचा तो भाग सपाट नाही, तिथे वळणं आहेत. त्यामुळे कानाची कड त्या वळणांबरहुकूम घासत न्यावी लागते. थोडं घासायचं, लावून बघायचं, फट कुठे दिसते तिथे खूण करायची, पुन्हा घासायचं. डावा कान दोन रविवारांत बसला. उजव्याच्या वेळी मला आत्मविश्वास आला होता. खालच्या टोकाला एकदम कापलं आणि लावून बघितलं, तर बोटाचं नख जाईल एवढी फट.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसरा कान मिळणार नव्हता.

उपाय निघाला तो कचऱ्याच्या डब्यातून. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं. काढलेल्या झालरीचे बारीक तुकडे करून काचेच्या बरणीत टाकले, बुडतील एवढं ॲसिटोन ओतलं आणि झाकण लावून गच्चीत ठेवलं. त्याला उग्र वास येतो आणि ते चटकन पेट घेतं, म्हणून स्वयंपाकघरापासून लांब. सकाळी बरणीत इडलीच्या पिठासारखा दाट पांढरा लगदा तयार होता. तो कानाच्या कडेला काडीने लावला. वाळताना तो आक्रसतो, त्यामुळे एकदम जाड थर देऊन चालत नाही. पातळ थर, एक दिवस थांबणं, पुन्हा थर, असे चार दिवस गेले. नंतर पाणी लावून ४००, ८०० आणि १५०० नंबरचा पॉलिश पेपर. पाचव्या दिवशी कान लावला, तीन स्क्रू आवळले आणि सांध्यावरून डोळे मिटून बोट फिरवलं. बोट कुठे अडलं नाही.

गालांवरच्या निळ्या उभ्या रेघांसाठी मी पेणला मामांकडे गेलो. मामांनी चाळीस वर्षं गणपतीच्या डोळ्यांची आखणी केली आहे. स्टिकर लावता आले असते, पण मला त्या ब्रशनेच हव्या होत्या. मामांनी शिरस्त्राण हातात घेऊन आधी फिरवून फिरवून बघितलं. मग मला बारीक ब्रश दिला.

“तुम्हीच काढा ना मामा,” मी म्हटलं.

“वस्तू तुझी आहे, तूच काढ. करंगळी टेकव. श्वास सोड आणि मग ओढ. ब्रशकडे नको बघूस, रेघ जिथे संपायची तिथे बघ.”

पहिल्या दोन रेघा टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसाव्या लागल्या. तिसरी राहिली. शेवटच्या रेघेपर्यंत खांदे दगड झाले होते.

लेन्स, आतला फोम आणि उच्छ्वासाची वाफ चष्म्यावर धरू नये म्हणून पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंखा हे सगळं पुढच्या आठवड्यात झालं, फारशी झटापट न होता. ते त्या दिवशी मनातही नव्हतं.

रंग सुकेपर्यंत मामांनी शिरस्त्राण फळीवर ठेवलं. दोन्ही बाजूंना अजून रंग न लागलेले गणपती होते. जाता जाता त्यांचा अंगठा उजव्या कानाखाली थांबला.

“इथे काय झालं होतं रे?”

“जास्त कापलं गेलं. भरलंय.”

त्यांनी अंगठा पुन्हा एकदा तिथून फिरवला.

“बरं भरलंयस,” म्हणाले.