रिपनच्या बंदुका
आज यॉर्कशायरला स्टडली रॉयलमध्ये, म्हणजे रिपन घराण्याच्या जुन्या जहागिरीच्या उद्यानात, मनसोक्त फिरले. हरणांचे कळप, जुनी झाडं. पण मन अडकलं ते या घराण्यातल्या दुसऱ्या लॉर्ड रिपनच्या बंदुकांत. लंडनच्या पर्डीने घडवलेल्या दुनळी, बाहेर घोडे (चाप ओढला की आपटणारे छोटे हातोडे) असलेल्या. बाकीचे शिकारी जोडी वापरत: एक झाडायची, तोवर मागचा माणूस दुसरी भरून ठेवणार. याच्या तीन, भरणारे दोघं. हातोहात बंदूक बदलायचा सराव तो म्हणे रात्री घरात करायचा. 1867 ते 1923, नोंद 5,56,813 जिवांची! पोटात कालवलं हो. आणि वडील कोण, तर 1882 साली आपल्याकडे स्थानिक स्वराज्याचा ठराव आणणारे व्हाइसरॉय रिपन.

22 सप्टेंबर 1923. सकाळपासून 52 पक्षी पाडले आणि डॅलोगिलच्या माळावर तो स्वतःच कोसळला. पुन्हा उठलाच नाही.