आमची वाटचाल : दोन जीबीच्या पुढे

आमचा व्यवसाय एकाच वस्तूवर उभा आहे : घरी जुळवायचा म्युझिक प्लेअर. बोर्ड, सुटे भाग, जोडणीची पुस्तिका आणि फर्मवेअर (चिपमध्ये बसणारा प्रोग्रॅम) असा संच आम्ही पुण्यातून देतो. सोल्डरिंग शिकणारी इंजिनिअरिंगची मुलं तो घेतात, तसेच घरातल्या कॅसेटी आणि मैफलींची मुद्रणं संगणकावर उतरवून ठेवलेले शास्त्रीय संगीताचे रसिकही घेतात. मुलांना पन्नास गाणी पुरतात, रसिकांकडे हजारो फाइली असतात. आमचा बोर्ड प्रत्येक वेळी बदलला तो या रसिकांच्या साठ्यासाठी.

पहिल्या बोर्डावर एटमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा संगणक) आणि व्हीएस १०५३बी हा डीकोडर (फाइलीतून आवाज काढणारी चिप) होता, साठ्याला २ जीबीचं एसडी कार्ड. एटमेगात ३२ केबी फ्लॅश आणि अवघी २ केबी रॅम. कार्डाचा एक सेक्टर (एका वेळी वाचायचा कप्पा) ५१२ बाइटचा, म्हणजे तो वाचायला घेतला की पाव रॅम संपली. डीकोडरची स्वतःची टाकी (वाजवायचा डेटा साठवायची जागा) २,०४८ बाइटची. त्याची डीआरइक्यू, म्हणजे 'डेटा द्या' असं सांगणारी पिन वर (व्होल्टेजवर) असली की निदान ३२ बाइट बिनधास्त पाठवता येतात. ३२० केबीपीएसचं एमपी३ सेकंदाला ४० केबी खातं, म्हणजे भरलेली टाकी ५१ मिलिसेकंदांत रिकामी होते. वेव्ह (न आवळलेल्या आवाजाची) फाइल सेकंदाला १७६ केबी खाते, तिथे जेमतेम साडेअकरा मिलिसेकंद मिळतात. कार्ड एरवी चटकन उत्तर देतं, पण अधूनमधून काही मिलिसेकंद गप्प बसतं. साध्या कार्डांना वाचनासाठी १०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेण्याची मुभा प्रमाणकातच आहे. मोठा साठा जोडताना जागा कार्ड बदलून मिळते. खरं काम असतं ही टाकी रिकामी न पडू देण्याचं.

२ जीबीच्या वर गेलं की कार्डाची जात बदलते. एसडीएचसी कार्डाला पत्ता बाइटमध्ये नको, सेक्टरमध्ये हवा. जुनं फर्मवेअर तसंच ठेवून मोठं कार्ड घातलं तर दोन प्रकारे फसगत होते. कार्ड सुरू करताना कमांड ८ पाठवलीच नाही, किंवा एसीएमडी ४१ या कमांडमध्ये 'मला मोठी कार्डं चालतात' हा बिट लावला नाही, तर कार्ड कायम 'तयार होतोय' एवढंच सांगत राहतं. हा टप्पा पार पडला आणि पत्ता मात्र बाइटमध्येच दिला, तर शून्य क्रमांकाचा सेक्टर अचूक वाचला जातो (शून्य गुणिले ५१२ शून्यच!) आणि पुढचं सगळं चुकीच्या जागेवरून येतं. 'कार्ड सापडतं, पण फाइली दिसत नाहीत' अशी तक्रार आली की आम्ही आधी हेच तपासतो. कमांड ५८ च्या उत्तरातला सीसीएस (कार्डाची जात सांगणारा) बिट पाहून पत्त्याची पद्धत ठरवायची. सुरुवातीला घड्याळ (डेटाची गती ठरवणारे ठोके) ४०० किलोहर्ट्झच्या वर न्यायचं नाही, आणि पहिल्या कमांडआधी कार्डाची निवड-पिन (कोणाशी बोलायचं ते ठरवणारी) वर ठेवून किमान ७४ ठोके द्यायचे. आम्ही हेक्स (सोळाच्या पायातल्या) एफएफचे दहा बाइट पाठवतो, म्हणजे ८० ठोके होतात. कमांड ० चा सीआरसी (चूक ओळखायचा तपासणी-आकडा) हेक्स ९५ आणि कमांड ८ चा हेक्स ८७. या टप्प्यावर ते बरोबर लागतातच.

कार्ड आणि डीकोडर एकाच एसपीआय (चिपांमध्ये डेटा नेणाऱ्या) तारांवर असले की आणखी एक गोष्ट छळते. निवड-पिन वर केली तरी कार्ड मिसो (उत्तर परत आणणारी) तार लगेच सोडत नाही, त्याला पुढचे ठोके लागतात. म्हणून प्रत्येक वाचनानंतर पिन वर करून एक रिकामा बाइट पाठवायचा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या काही तयार कार्ड-मॉड्यूलांवर व्होल्टेज बदलणारी जी चिप असते, तिची जोडणी अशी असते की ती मिसो कधीच सोडत नाही. मग डीकोडरकडून रजिस्टर (चिपच्या आतली छोटी नोंद) वाचलं की कचरा हाती येतो. असं मॉड्यूल एकटं असेल तर उत्तम चालतं, म्हणून दोष शोधायला फार वेळ लागतो. आमच्या बोर्डावर आता नुसता सॉकेट आहे आणि सगळं ३.३ व्होल्टवर चालतं.

वीजपुरवठ्याचंही तसंच. अर्डुइनो उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेची मर्यादा ५० मिलिअँपिअर आहे. कार्ड क्षणभर १०० किंवा त्याहून जास्त ओढू शकतं. सॉकेटला अगदी चिकटून १० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड हे दोन कपॅसिटर हवेत. एएमएस १११७ रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप) स्वस्त असला तरी त्याला इनपुट आउटपुटपेक्षा साधारण १.१ व्होल्ट जास्त लागतं. ३.७ व्होल्टच्या लिथियम सेलवर तो या कामाचा नाही. आम्ही एपी २११२ वापरतो.

मधल्या काळात जुनी लॅपटॉप हार्ड डिस्क जोडून द्या, अशी मागणी होती. ती आम्ही कागदावरच सोडली. आयडीईला (त्या डिस्कच्या जोडणीला) डेटाच्या १६ तारा, पत्त्याच्या ३, निवडीच्या २ आणि वाचन-लेखनाच्या २ अशा २३ तारा लागतात. एटमेगा ३२८पीला क्रिस्टल आणि रीसेटच्या पिना धरूनही पिना तेवढ्याच. शिवाय चकती फिरायला लागताना सुमारे एक अँपिअर लागतो.

नवा बोर्ड आरपी २०४० या मायक्रोकंट्रोलरवर आहे. त्यात २६४ केबी रॅम आणि दोन स्वतंत्र एसपीआय आहेत : एकावर कार्ड, दुसऱ्यावर डीकोडर, त्यामुळे मिसोची भांडणं मिटली. रॅममधले ६४ केबी फक्त गाण्याच्या टाकीला दिले. वेव्हसाठीसुद्धा ०.३७ सेकंदांची उसंत मिळते आणि कार्डाचं थबकणं ऐकू येत नाही.

फाइल-व्यवस्थेसाठी फॅटएफएस ही मुक्त लायब्ररी आहे, ती केवळ-वाचन या पर्यायात. गाणं चालू असताना कोणी कार्ड उपसलं तरी नोंदी बिघडत नाहीत. ६४ जीबीच्या कार्डावर ३२ केबीचे क्लस्टर (फाइलीला जागा द्यायचे गठ्ठे) धरले तर नुसता फॅटचा, म्हणजे कोणत्या क्लस्टरनंतर कोणता याचा, तक्ता पावणेआठ एमबीच्या आसपास जातो, तो रॅममध्ये मावणार नाही. तासाभराची वेव्ह फाइल ६३५ एमबीची, म्हणजे १९ हजारांहून जास्त क्लस्टरांची साखळी. साखळी पुढेच जाते. विलंबितातली एखादी जागा पुन्हा ऐकायला थोडं मागे यायचं म्हटलं, तरी लायब्ररी फाइलीच्या आरंभापासून मोजत येते. यावर तोड म्हणजे फास्ट-सीक : फाइल उघडताना तिच्या तुकड्यांचा छोटा नकाशा करून ठेवायचा. नकाशाला लागणारे चार-बाइटी आकडे म्हणजे तुकड्यांची संख्या अधिक एक, गुणिले दोन. सलग फाइलीला १६ बाइट पुरतात. म्हणून कार्ड भरताना ते आधी फॉरमॅट करावं आणि सगळ्या फाइली एकदमच चढवाव्यात. मधल्या फाइली पुसून तिथे नव्या घालत राहिलं की तुकडे वाढतात.

गाणी हजारांत गेली की यादी हा वेगळाच प्रश्न होतो. फॅटमधली निर्देशिका आरंभापासून ओळीने वाचावी लागते. त्यात नावं देवनागरीत हवीत. छोट्या ओलेड पडद्यावर मायक्रोकंट्रोलरकडून जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी नीट जुळवून घेणं अवघड आहे. 'मारवा' जमतं, 'शुद्ध कल्याण' फसतं. आम्ही ते काम संगणकावर नेलं. आमचा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक नावाचं १२८ बाय १६ ठिपक्यांचं चित्र करतो, ते बरोबर २५६ बाइटचं होतं. उरलेल्या २५६ बाइटांत फाइलीचा मार्ग, आकार आणि पहिला क्लस्टर. एक गाणं, एक सेक्टर. चार हजार क्रमांकाचं गाणं हवं तर अनुक्रमणिकेतला चार हजारावा सेक्टर थेट वाचायचा. पाच हजार गाण्यांची अनुक्रमणिका अडीच एमबीच्या घरात राहते. या कामाचा आम्हाला मनापासून आनंद आहे, कारण स्वतःच्या लिपीत रागाचं नाव दिसणं ही आमच्या ग्राहकांची पहिली मागणी होती.

क्रम न ठरवता गाणी वाजवायला यादी विस्कटून रॅममध्ये ठेवायची गरज नाही. १६ बिटांचं शिफ्ट-रजिस्टर (दर वेळी एक बिट सरकणारा आकडा) हेक्स बी४०० या मास्कने (कोणते बिट उलटायचे ते ठरवणाऱ्या आकड्याने) फिरवलं की १ ते ६५,५३५ मधला प्रत्येक आकडा एकदाच येतो. गाण्यांच्या संख्येपेक्षा मोठा आला की सोडून द्यायचा. खर्च दोन बाइट.

थांबलेली जागा लक्षात ठेवताना जुन्या बोर्डावर चूक झाली होती. एटमेगाच्या ईईप्रॉमची (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीची) एक जागा एक लाख वेळा लिहिता येते. दर दहा सेकंदांनी तिथेच लिहिलं तर सलग वाजवल्यास साडेअकरा दिवसांत ती मर्यादा गाठली जाते. ८ बाइटची नोंद १,०२४ बाइटांवर आळीपाळीने फिरवली की १२८ पट आयुष्य मिळतं, चार वर्षांच्या आसपास. नव्या बोर्डावर यासाठी छोटी एफ-रॅम (लिहून जवळजवळ न झिजणारी) चिप आहे.

६४ जीबी आणि त्यावरची कार्डं दुकानातून एक्स-फॅट या फाइल-व्यवस्थेत येतात. फॅटएफएस ती वाचते, पण लांब नावांचा पर्याय आणि त्याची रॅम द्यावीच लागते, म्हणून ही सोय फक्त नव्या बोर्डावर. जुन्या बोर्डासाठी मोठं कार्ड फॅट३२ करून घ्यावं. त्यात एका फाइलीला ४ जीबीची मर्यादा आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचं स्टिरिओ मुद्रण सुमारे ४ तास ८ मिनिटांत तिथे पोचतं. एक्स-फॅटने हे सुटेल असं वाटतं, पण वेव्हच्या मथळ्यातला आकारही ३२ बिटांचाच असल्याने अडचण तशीच राहते. रात्रभराच्या मैफलीचे रागवार भाग करावेत, किंवा फ्लॅक (दर्जा न गमावता आवळलेली फाइल) करावं. व्हीएस १०५३ला फ्लॅकसाठी उत्पादकाचा पॅच (पूरक प्रोग्रॅम) प्रत्येक वेळी सुरू होताना चढवावा लागतो, तो फर्मवेअरमध्येच आहे.

कार्ड आम्ही संचात देतो ते पूर्ण भरून, परत वाचून तपासलेलं असतं. खोट्या क्षमतेचं कार्ड ६४ जीबी सांगतं आणि ८ जीबीनंतर जुन्याच जागेवर लिहीत सुटतं. यादी छान दिसते आणि नवव्या जीबीतलं गाणं खरखरतं. सेकंदाला १५ एमबी या गतीने ६४ जीबी लिहायलाच सत्तर मिनिटं जातात, मग तेवढंच परत वाचायचं. तुमचं स्वतःचं कार्ड वापरणार असाल तर लिनक्सवर एफ३ किंवा विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हा कार्ड तपासणारा प्रोग्रॅम चालवा, आणि मगच गाणी भरा.