तुम्ही विचारलंत म्हणून: अध्यक्षपद का मागितले

"मॅडम, तुम्हाला अध्यक्षपद हवंच कशाला?" हा प्रश्न मला सभासदांनी विचारला आहे, माजी विद्यार्थ्यांनी विचारला आहे आणि गेल्या महिन्यात रंकाळ्यावर फिरताना एका निवृत्त सहकाऱ्यांनी पुन्हा विचारला. आमची संघटना गणिताच्या अध्यापकाचार्यांची, म्हणजे भावी शिक्षकांना गणित शिकवायला शिकवणाऱ्यांची. तिचे अध्यक्षपद बिनविरोधच ठरत आले, हे विचारणाऱ्यांना ठाऊक असते. आजवर मी एकच उत्तर देत आले: पदाला मानधन नाही, प्रवासखर्च पदरचा करावा लागतो, मग यात माझा स्वार्थ कोणता? हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. मला पद हवे होते आणि आजही हवे आहे.

२०१९च्या जूनमध्ये दुसरीच्या गणिताच्या नव्या पाठ्यपुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे संख्यावाचन आले आणि वाद विधानसभेपर्यंत गेला. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी येतो. ऐकून लिहिणारे मूल म्हणूनच ५२ लिहिते. एकोणतीस या शब्दात तर दोनाचा मागमूस नाही, पुढच्या तिसाचाच उल्लेख आहे. आमच्या छात्राध्यापकांनी, म्हणजे शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी, करवीर तालुक्यातल्या शाळांत आंतरवासितेच्या, म्हणजे प्रत्यक्ष शाळेतल्या सरावाच्या काळात मुलांच्या वह्यांतल्या अशा चुका टिपून आणल्या होत्या. त्यातल्या एका पानाची झेरॉक्स मी जपून ठेवली आहे: मुलीने एकोणतीससाठी ३९ लिहून खोडले, मग ९२ लिहून तेही खोडले आणि शेवटी कागद फाटेपर्यंत त्या जागी रबर फिरवला.

मी तेव्हा संघटनेची सचिव होते. जुनी पद्धत बरी की नवी, या भांडणात न शिरता मूल नेमके कुठे अडते, शिक्षकाने तिथे कोणता प्रश्न विचारावा आणि एकोणतीस हा शब्द न वगळताही काड्यांच्या जुड्यांनी त्यातले दोन दशक कसे दाखवता येतात, हे मी दोन पानांच्या टिपणात लिहिले. अध्यक्षांनी ते वाचले, चांगले लिहिले आहे म्हणाले आणि "आपण वादात पडायला नको" असे सांगून फाईलला लावले. आठवडाभर दूरचित्रवाणीवर ज्यांनी दुसरीच्या वर्गात पाऊल टाकलेले नाही ते बोलत राहिले आणि ज्यांचे हे रोजचे काम आहे ती आमची संघटना गप्प बसली. पत्र सचिव लिहितो, पण ते जायचे की नाही हे अध्यक्ष ठरवतो. त्याच वर्षी दिवाळीनंतर निवडणूक लागली आणि मी अर्ज भरला.

आता जे सांगते आहे ते मी घरीही सगळे सांगितलेले नाही. अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, चार वाजून गेल्यावर, मला एका महाविद्यालयात चहाला बोलावले. तिथे तिघे होते. त्यांपैकी एका सरांनी मला बी.एड.ला गणित अध्यापन पद्धती शिकवली होती. पाठ टाचण, म्हणजे तासाचा आराखडा, कसे लिहावे हे मी त्यांच्याच लाल शेऱ्यांवरून शिकले. टेबलावर माझ्या नावाने टंकलेले पत्र तयार होते: 'मी माझ्या वैयक्तिक अडचणीमुळे अर्ज मागे घेत आहे.' मी विचारले, "सर, कोणती अडचण?" ते म्हणाले, "अगं, लिहायचं असतं तसं. आपल्यात निवडणूक कधी झाली आहे का? पुढच्या वेळी तूच आहेस की." दुसरे म्हणाले की माझ्या कामाबद्दल कुणाचेच दुमत नाही, मागून घेणे मात्र बरे दिसत नाही. मी संख्यावाचनाच्या टिपणाचा विषय काढला. सर म्हणाले, "ते राहिलं असेल मनात, तर पुढच्या कार्यशाळेत तुझं भाषण ठेवू." मग त्यांनी स्वतःच्या खिशातले पेन काढले, टोपण उघडले आणि पत्राच्या बाजूला ठेवले. "सही कर की, पाच वाजायला आले."

मी सही केली. कोणी धमकावले नव्हते आणि दारही उघडेच होते. ज्या माणसाने आपल्याला शिकवले त्याच्या उघडलेल्या पेनाला हात न लावता उठायचे कसे, हे मला त्या क्षणी सुचले नाही, एवढेच मी सांगू शकते.

सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त लिहायचे काम सचिवाचे, म्हणजे माझेच. 'अध्यक्षांची निवड एकमताने व बिनविरोध झाली' हे वाक्य मी माझ्या हाताने लिहिले. त्या पानावरचे माझे अक्षर नेहमीपेक्षा सुवाच्य आले आहे.

त्याआधीची मी कनिष्ठ सहकाऱ्यांना सांगत असे की काम करणाऱ्याला पदाची गरज नसते. आज तिला विचारावेसे वाटते की तुझे टिपण फाईलमध्ये कोणी लावले? तिच्याकडेही उत्तर आहे. ती मला आठवण करून देते की अपूर्णांकांच्या भागाकाराची कार्यशाळा मी सचिव असतानाच घेतली होती. एक पूर्णांक तीन चतुर्थांशला एक द्वितीयांशने भागून साडेतीन हे उत्तर बहुतेकांनी काढले, पण त्यावर शाब्दिक उदाहरण रचायला सांगताच खोली शांत झाली. पावणेदोन किलो गुळाच्या अर्ध्या किलोच्या पुड्या किती, इथपर्यंत यायला आम्हाला सकाळ लागली. त्या सकाळी अध्यक्ष कोण होते, हे कुणाला आठवतही नसेल. तिचे हे म्हणणे मला खोडता येत नाही.

करोनामुळे लांबलेल्या पुढच्या निवडणुकीत मी पुन्हा अर्ज भरला, या वेळी मागे घेतला नाही आणि पाच मतांनी हरले. दोघांनी नंतर स्वतःहून सांगितले की काम पटते, पण तुम्ही मतासाठी फोन केलात ते खटकले. त्या प्रचारात माझे कितीतरी सराव पाठांचे निरीक्षण राहून गेले आणि ते छात्राध्यापकांच्या वाट्याचे नुकसान होते. निमंत्रणपत्रिकेवर आपले नाव सर्वांत वर असावे असेही मला वाटत होते. टिपणाचा राग किती आणि ही इच्छा किती, याचे प्रमाण मला आजही नीट मांडता येत नाही. फोन केल्याची मात्र मला लाज वाटत नाही. संघटनेत मते आहेत, मग ती कोणी तरी उघडपणे मागितली पाहिजेत.

यंदाचा अर्जही मी भरला आहे. सर आता आजारी असतात. मी त्यांना भेटून येते, आम्ही गणितावर बोलतो आणि त्या संध्याकाळचा विषय दोघेही काढत नाही. ते इतिवृत्त माझ्याच अक्षरात कपाटात आहे. त्यात दुरुस्ती सुचवणारा ठराव सभासद म्हणूनही मला मांडता येतो, त्यासाठी अध्यक्ष व्हावे लागत नाही. तो मी अजून मांडलेला नाही.