ठाण्याहून कूबर पेडीपर्यंत

घोडबंदर रस्त्याच्या गर्दीत रोज गाडी चालवणाऱ्या आम्हा दोघांना दक्षिण ऑस्ट्रेलियातील ओसाड, निर्मनुष्य स्टुअर्ट महामार्गाची सवय व्हायला थोडा वेळ लागला. ग्लेनडॅम्बो ते कूबर पेडी या सुमारे २५० किलोमीटरांत एकही पेट्रोल पंप नाही, म्हणून आदल्या गावीच ह्यांनी टाकी काठोकाठ भरून घेतली आणि मी पिण्याचे पाणी भरपूर घेतले. संध्याकाळनंतर कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी मुक्कामी पोहोचायचे, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला.

कूबर पेडीला १९१५ साली ओपल हे रत्न सापडले आणि गाव वसले. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो म्हणून येथील अनेक माणसे टेकड्यांच्या पोटात खोदलेल्या घरांत राहतात. तेथे पंखा वा एसी नसतानाही किती सुखद गारवा असतो, हे मी भिंतीला हात लावून अनुभवले. चर्चसुद्धा जमिनीखाली आहे.

मला मात्र सर्वाधिक भिडला तो दक्षिण ऑस्ट्रेलियातीलच मरी गावातील, हिंदुस्थान-अफगाणिस्तानातून आलेल्या उंटवाल्यांचा इतिहास. रेल्वे व मोटारी येण्यापूर्वी या वाळवंटातील मालवाहतूक त्यांनीच सांभाळली. १८६० साली दक्षिणेकडून उत्तरेकडे ऑस्ट्रेलिया ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांच्या मोहिमेसाठी उंट व उंटवाले कराचीहून जहाजाने मेलबर्नला गेले होते, आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यातच होती. शाळेत हे कोणी शिकवले असते, तर किती बरे झाले असते!