७५ ॲम्प्युल आणि सिस्टर डेना

सोमवार, १५ सप्टेंबर २०२५. पहाटे सव्वापाचला आमच्या कॅज्युअल्टीच्या, म्हणजे तातडीच्या विभागाच्या, दारात १०८ येऊन थांबली. साडेपाचनंतर माझ्या युनिफॉर्मच्या खिशातला फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण माझ्या मनात ती सकाळ एकत्रच बसली आहे, म्हणून एकत्रच सांगते.

नाशिकमधल्या एका रुग्णालयात मी बावीस वर्षं नर्स आहे आणि गेली सात वर्षं कॅज्युअल्टीची इनचार्ज. इनचार्जला एरवी नाईट नसते. त्या आठवड्यात दोन सिस्टर रजेवर होत्या, तिसरी बाळंतपणाला गेलेली, म्हणून मीच नाईट घेतली होती. सोबतीला एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आणि जेमतेम महिनाभरापूर्वी लागलेली एक मुलगी. तिचं नाव इथे घालत नाही. धाकटी सिस्टर म्हणते.

फोन वाजत होता तो माझ्या मुलीचा. ती पुण्यात शिकते. लॉस एंजेलिसला रविवारी संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे सोमवारचे पहाटेचे साडेपाच. अमेरिकन टीव्हीच्या एमी पुरस्कारांचा ७७ वा सोहळा तेव्हाच सुरू होत होता आणि ती हॉस्टेलवर गजर लावून उठली होती. गणपतीत घरी आली होती तेव्हा आम्ही दोघींनी ‘द पिट’ या अमेरिकन मालिकेचे पंधराच्या पंधरा भाग बघितले होते. पिट्सबर्गमधल्या एका रुग्णालयाची कॅज्युअल्टी, एकच ड्युटी, आणि एका भागात त्या ड्युटीचा एकच तास. त्यात डेना इव्हान्स नावाची चार्ज नर्स आहे, म्हणजे आमच्या भाषेत इनचार्ज. कोणता बेड रिकामा, कोण वर आयसीयूत जाणार, कुठल्या डॉक्टरनं चार तासांत पाणी प्यायलेलं नाही, सगळं तिच्या डोक्यात. मुलगी पहिल्याच भागात म्हणाली, “आई, ही तूच आहेस.” त्या दिवसापासून आमच्या घरात तिचं नाव ‘सिस्टर डेना’.

आता १०८. ट्रॉलीवर एकोणीस वर्षांचा मुलगा, दिंडोरी तालुक्यातला. तोंडातून फेस, डोळ्यांतून पाणी, घामानं बनियन चिंब, दंडाचे आणि मांडीचे स्नायू कातडीखाली आळ्या फिराव्यात तसे फडफडत होते. बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी. नाडी ४८. आणि तो वास. ज्यानं एकदा घेतला त्याला चिठ्ठी वाचावी लागत नाही. ग्रामीण रुग्णालयात त्याची पोटधुलाई करून, ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, सुरू करून पुढे पाठवलं होतं.

बरोबर आलेले चुलते म्हणाले, “औषध गेलंय पोटात.”

आमच्या भागात फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. टोमॅटोवर औषध, कांद्याच्या रोपावर औषध, द्राक्षाला औषध. आणि कोणी ‘औषध घेतलं’ म्हटलं की ऐकणारा लगेच एकच अर्थ काढतो. मी बावीस वर्षं हा शब्द दोन्ही अर्थांनी ऐकते आहे. एका हातानं ते औषध बाहेर काढायचं, दुसऱ्या हातानं हे औषध आत घालायचं. वडील मागे भिंतीला टेकून उभे होते. मी त्यांना विचारलं, “काका, बाटली आणली का?” त्यांनी पिशवीतून कोल्ड्रिंकची अर्ध्या लिटरची बाटली काढली. तळाला दोन बोटं पिवळसर द्रव. शेजाऱ्यानं आणलेल्या डब्यातलं अर्धं वाटून घेतलेलं, बाटलीत भरून ओसरीवर ठेवलेलं. रात्री लाईट गेलेली. पोरगा तहानेनं उठला, अंधारात हाताला बाटली लागली, दोन घोट गेले. थुंकला, पण दोन घोट गेलेच. वडील एवढंच बोलले, “चुकून झालं हो सिस्टर, लिहा तसं.” मी त्यांचे शब्द केसपेपरवर जसेच्या तसे लिहिले. एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची नोंद, तर करावीच लागते, पण नातेवाइकानं पहिल्या दहा मिनिटांत काय सांगितलं ते कागदावर राहिलं पाहिजे.

ऑर्गॅनोफॉस्फेटच्या, म्हणजे फवारणीच्या अशा विषाच्या, केसमध्ये ॲट्रोपिन दुप्पट करत न्यायचं असतं. आधी एक डोस, पाच मिनिटांनी छाती ऐकायची. ओली असेल तर दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा दुप्पट. छातीतली खरखर जाईपर्यंत, नाडी ऐंशीच्या वर येईपर्यंत, काख कोरडी पडेपर्यंत. एका ॲम्प्युलमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या कुपीत, ०.६ मिलिग्रॅम. आमच्या आरएमओंनी, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरांनी, पाच ॲम्प्युलपासून सुरुवात केली. पाच, मग दहा, मग वीस.

हे सिरियलमध्ये कुणी दाखवत नाही, म्हणून मी सांगते. प्रत्येक ॲम्प्युलची मान काचेची असते. टिचकी मारून वरचं औषध खाली आणायचं, कापूस धरून मान मोडायची, सुई तिरकी घालून ओढायचं, रिकामी किडनी ट्रेमध्ये टाकायची. एकदा केलं तर काहीच नाही. वीसदा केलं की अंगठा हुळहुळतो, चाळीसदा केलं की कापूस धरायचं भान राहत नाही आणि काच घुसते. धाकटीच्या अंगठ्यातून रक्त यायला लागलं. ती थांबली नाही. मी तिचा हात धरून ग्लोव्ह बदलायला लावला, कारण पेशंटच्या अंगावर अजून विष होतं. वॉर्डबॉय मामांनी कपडे कात्रीनं कापून काढले होते, साबणपाण्यानं त्याला डोक्यापासून पुसणं चालू होतं. आमचा साठा संपला म्हणून ब्रदर खाली फार्मसीत पळाला. त्याच वेळी श्वास ढिला पडला आणि डॉक्टरांनी घशात नळी घातली.

नळी बघून चुलते आत घुसले. “पोरगं बोलत होतं रस्त्यात! नळी का घातली?” त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला ट्रॉलीवर ढकललं. कंबरेला रेलिंग लागलं. हातात भरलेली सिरिंज होती, ती मी वर धरून ठेवली. म्हटलं, “दादा, हे त्याचंच औषध आहे. सांडलं तर परत वीस फोडावे लागतील. तुम्ही बाहेर वहिनींजवळ थांबा, पाच मिनिटांनी मी स्वतः येऊन सांगते.” वॉचमननं त्यांना बाहेर नेलं. पाच मिनिटांनी मी गेलेही.

शेवटचा डोस चाळीसचा. त्यानंतर डॉक्टरांनी स्टेथो लावला, दोन्ही बाजू ऐकल्या आणि मान हलवली. छाती कोरडी. नाडी ११०. ड्रिप लावून, पॅम हा दुसरा उतारा सुरू करून पावणेसातला त्याला आयसीयूत सोडलं. रेकॉर्डसाठी किडनी ट्रे टेबलावर ओतून धाकटीनं रिकाम्या काचा मोजल्या. पंच्याहत्तर. तिनं दोनदा मोजल्या, मग तिला रडू आलं. मी तिला चहाला पाठवलं.

हँडओव्हर देऊन आठनंतर मी फोन काढला. मुलीचे एकोणतीस मेसेज. क्रमानं वाचलेच नाहीत, आधी डेनाच शोधली. सापडली: “आई!!! सिस्टर डेनाला मिळालं!!!” कॅथरीन लानासा, ड्रामा गटात सहायक अभिनेत्री. त्याच गटात ‘द व्हाइट लोटस’ मालिकेच्या चौघींना नामांकन होतं. खाली फोटो. तिच्या हातात ती सोनेरी बाई, पाठीला पंख, डोक्यावर उचललेला अणू. मुलीनं लिहिलं होतं की पुतळ्याचं वजन तीन किलो असतं. तीन किलो म्हणजे दिवस भरून जन्मलेलं चांगलं बाळ, आणि फोटोतही तिनं तो तसाच सांभाळून धरला होता.

बाकीचे मेसेज मग बाकड्यावर बसून वाचले. ‘द पिट’मधल्या नोआ वायलीला मुख्य अभिनेत्याचा पुरस्कार. ‘ईआर’ या जुन्या हॉस्पिटल मालिकेसाठी त्याला पाचदा नामांकन होतं, एकदाही मिळालं नव्हतं. ‘अ‍ॅडोलेसन्स’मधल्या ओवेन कूपरला पंधराव्या वर्षी. ‘सेव्हरन्स’च्या ट्रामेल टिलमनला ड्रामा गटातल्या सहायक अभिनेत्याचा, त्या गटात जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय पुरुष. ‘द स्टुडिओ’ विनोदी मालिकांत सर्वोत्कृष्ट. भाषण ४५ सेकंदांपेक्षा लांबलं की सूत्रसंचालक मुलांच्या संस्थेला द्यायच्या देणगीतून दर सेकंदाला हजार डॉलर कापत होता. मुलीला हे अजिबात आवडलं नव्हतं आणि मलाही नाही आवडलं. माणूस तीस वर्षांनी तिथे उभा राहतो, त्याला बोलू द्यावं. वायलीनं आपला पुरस्कार त्या रात्री ड्युटीवर जाणाऱ्या आणि ड्युटीवरून सुटणाऱ्या लोकांना अर्पण केला. हे वाचताना माझ्या समोरून सकाळच्या सिस्टर केसात पिना खोचत आत जात होत्या.

पण मला लागलं ते डेनाचंच, आणि का ते मला नीट सांगायचं आहे. त्या मालिकेत वाट बघून चिडलेला एक पेशंट बाहेर उभ्या असलेल्या डेनाच्या तोंडावर ठोसा मारतो. नाक सुजलेलं असतानाही ती ड्युटी पूर्ण करते आणि शेवटी आपल्या टेबलावरचे फोटो काढून पिशवीत भरते. तो भाग बघताना मी उठून स्वयंपाकघरात गेले होते. चार वर्षांपूर्वी एका नातेवाइकानं मला कानाखाली मारली होती. तेव्हा मला सांगितलं गेलं, सिस्टर, त्यांचा माणूस गेलाय, सोडून द्या. मी सोडून दिलं. डॉक्टरवर हात उचलला की बातमी होते, संप होतो. सिस्टरवर उचलला तर चहा पाजतात. खरं तर महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, आणि तो फक्त डॉक्टरांसाठी नाही, नर्ससाठीही आहे. त्याचा बोर्ड आमच्या दारावर आहे. जगातल्या एवढ्या मोठ्या व्यासपीठावर त्या रात्री ज्या बाईच्या कामाची दखल घेतली गेली ती नेमकी मार खाऊन ट्रॉली ढकलत राहिलेली बाई होती. मला याचा आनंद झाला आणि तो मी लपवणार नाही.

फोन ठेवून मी परत आत गेले आणि इन्सिडंट रजिस्टर मागितलं. सकाळच्या सुपरवायझर म्हणाल्या, “पोरगा वाचतोय ना, कशाला आता?” मी म्हटलं, तक्रार नाही करत, नोंद करते. वेळ, मनगट, रेलिंग, साक्षीला ब्रदर. चुलत्यांविरुद्ध मला काही नको होतं, भेदरलेला माणूस होता. पण घडलं ते घडलं. मी लिहीत असताना फोन पुन्हा थरथरला. ओळ पूर्ण करून, खाली सही करून मग बघितला. ‘द पिट’ सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिका.

मुलगा सहा दिवस व्हेंटिलेटरवर होता. मधे तिसऱ्या दिवशी मान उचलेना, तेव्हा आम्ही सगळे धास्तावलो. या विषात सावरल्यासारखा वाटणारा पेशंट दोन-चार दिवसांनी पुन्हा ढासळू शकतो. सातव्या दिवशी नळी निघाली. मी वर भेटायला गेले तेव्हा चुलते उठून उभे राहिले आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. धाकटी माझ्यासोबत होती, अंगठ्याला पट्टी. पोराचा आवाज घोगरा झालेला. मी विचारलं, “काय आठवतंय का रे बाळा?”

बराच वेळ विचार करून म्हणाला, “झाकण लय घट्ट व्हतं. दातानं उघडलं.”