मीटर गेज निघाले तो दिवस

नव्वदच्या दशकात मिरज–लोंढा मार्गावरचे मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला लोहमार्ग, काढून जास्त रुंद ब्रॉड गेज टाकण्याचे काम चालू होते, तेव्हा रुळांच्या देखभालीचा कनिष्ठ पर्यवेक्षक म्हणून मी बेळगावजवळच्या देसूरपाशी तुकडीबरोबर होतो. आमच्या टप्प्यातला शेवटचा जुना रूळ निघाला तो दिवस मला स्वच्छ आठवतो.

भरावाची रुंदी आधीच वाढवून झाली होती. रुळांचे सांधे जोडणाऱ्या फिशप्लेटांचे बोल्ट गंजून इतके घट्ट बसले होते, की काही छिन्नीने तोडावेच लागले. रूळ सब्बलीने बाजूला सारला, तेव्हा त्याच्या अंगावर कारखान्याच्या नावाची उठावदार अक्षरे दिसली आणि तुकडीतल्या तरुणांना तो इंग्रजांच्या वेळचा पहिलाच रूळ वाटला. मेट, म्हणजे तुकडीचे मुकादम, म्हणाले, "न्हवं रे, पहिले रूळ कधीच बदलून झाले. जुनी आहे ती ही वाट आन् खालची दगडी मोरी." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते.

ती वाट सदर्न मराठा रेल्वेने आखली. १८७६–७८ च्या दुष्काळात आतल्या मुलखात धान्य पोहोचवणे किती अवघड आहे हे सरकारला कळून चुकले होते; १८८२ मध्ये ही कंपनी उभी राहिली आणि त्याच दशकात बेळगावला गाडी आली. कमी खर्चात जास्त मैल व्हावेत म्हणून मीटर गेज निवडले गेले, कारण त्याला पूल हलके चालतात आणि वळणे आवळून घेता येतात. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे मुरगाव बंदर जोडल्यामुळे मालाला समुद्राची वाट मिळाली. खानापूरहून रोज बेळगावला कामाला, शाळेला, बाजाराला येणारी माणसे मात्र, माझ्या मते, त्या आखणीत कुणाच्या मनातही नव्हती. त्यांनी ही गाडी आपल्या वहिवाटीने आपली केली.

खरी अडचण १९७१ नंतर सुरू झाली. पुणे–मिरज ब्रॉड गेज झाले आणि आमचा भाग १ मीटरवरच राहिला. रुळांतल्या अवघ्या ६७६ मिलिमीटरच्या फरकापायी पुण्या-मुंबईला निघालेल्या बेळगावकराला मुलाबाळांसह, ट्रंका उचलून मिरजेला गाडी बदलावी लागे आणि मालाची पोती हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जात. ही पिढ्यांची दगदग आपल्या हातून संपते आहे, या जाणिवेने मी त्या दिवशी रुळांखालच्या प्रत्येक स्लीपरपाशी अंतर मोजायचे गेज स्वतः लावून पाहिले.

दुपारी भाजीची टोपली घेऊन एक आजी रुळापाशी आल्या. "साहेब, नव्या गाड्या मोठ्या, लांबच्या. आमची पॅसेंजर देसूरला थांबणार न्हवं?" थांब्यांचा निर्णय माझ्या हातात नव्हता. तरी संध्याकाळी कामाचा अहवाल लिहिताना, गेज बदलल्यावरही देसूर, इदलहोंड, गुंजी येथील पॅसेंजरचे थांबे कायम ठेवावेत, असे मी शेवटी वेगळ्या परिच्छेदात लिहिले आणि वरिष्ठांकडे पाठवले.