"मॅडम, आजोबा चावतात": वृद्धाश्रमातल्या ट्रेनिंगचा माझा अनुभव

मी पुण्यात डेंटिस्ट आहे, स्वतःचं छोटं क्लिनिक आहे. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमातून फोन आला, आमच्या स्टाफला तोंडाच्या स्वच्छतेचं ट्रेनिंग द्याल का म्हणून. त्या महिन्यात त्यांचे तीन जण न्यूमोनियाने अ‍ॅडमिट झाले होते आणि तिथे व्हिजिटला येणाऱ्या फिजिशियननी सरळ विचारलं होतं की यांची तोंडं रोज कोण साफ करतं? कुणालाच उत्तर देता आलं नव्हतं.

ट्रेनिंगच्या आधी एकदा नुसतं बघायला गेले ते फार बरं झालं. ३४ आजी-आजोबा, त्यातले ९ पूर्ण अंथरुणावर. बाथरूममध्ये एका मगात सगळ्यांचे ब्रश एकत्र. कवळ्या सकाळी एकाच टबात धुवायच्या आणि अंदाजाने ज्याच्या त्याच्या तोंडात बसवायच्या, एक आजोबा आठवडाभर दुसऱ्याचीच कवळी लावून होते, बसत नाही बसत नाही म्हणत होते आणि सगळ्यांना वाटायचं उगाच कुरकुर करतायत. एका आजींची वरची कवळी मी हळूच काढली तर टाळू लालभडक आणि त्यावर पांढरा थर, फंगल इन्फेक्शन. शेजारच्या मावशी बघतच राहिल्या. म्हणाल्या, "अहो, मला वाटलं हे आजींचेच दात आहेत." चार महिने त्या मावशी आजींचं सगळं करत होत्या, अंघोळ, डायपर, भरवणं सगळं, आणि ही कवळी आहे, रात्री काढायची असते, एवढंसुद्धा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मावशींचा यात काय दोष?

पहिलं ट्रेनिंग मी चुकीचं घेतलं. दुपारी जेवणं झाल्यावर सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि ४० स्लाइडचं प्रेझेंटेशन दाखवलं, प्लाक, हिरड्यांचे आजार, बॅक्टेरिया. सगळ्या माना डोलवत होत्या. मी निघाले तेव्हा एक मावशी गेटपर्यंत आल्या आणि बोट पुढे केलं, बोटावर दाताचा जुना वण. "मॅडम, तुम्ही सांगितलं ते खरंय, पण आजोबा चावतात. मग काय करायचं?" माझ्या ४० स्लाइडमध्ये याचं उत्तर कुठेच नव्हतं.

मग पुढच्या वेळी हॉल नको म्हटलं. सकाळी सातला शिफ्टमध्येच गेले, आधी जोड्या लावल्या आणि एकमेकींचे दात घासायला सांगितले. नवे ब्रश मी नेले होते. दोघी तोंडच उघडेनात. नंतर कळलं की मिश्रीची सवय आहे, दात काळे झालेत, लाज वाटते. तिथेच ठरवलं की आधी यांची तोंडं तपासायची. आठवडाभरात सगळ्यांना क्लिनिकमध्ये बोलावलं, पैसे घेतले नाहीत, एकीच्या गालात आतून पांढरा चट्टा सापडला तो पुढे दाखवायला पाठवला. हे मी वेळापत्रकात धरलंच नव्हतं, पण स्वतःच्या दाढेच्या दुखण्याकडे वर्षानुवर्षं कुणी बघितलेलं नसेल तर दुसऱ्याच्या तोंडाची काळजी कुठून येणार? त्या आठवड्यानंतर त्या माझ्याशी मोकळं बोलायला लागल्या.

जोड्यांचा फायदा लगेच दिसला. एक मावशी मुद्दाम आडव्या झोपल्या आणि दुसरीने त्यांना ब्रश केलं तर फेस घशात जाऊन ठसका लागला, उठून म्हणाल्या जीव घाबरा झाला, आणि आपण रोज तात्यांना असंच करतो. मग सांगावं लागलंच नाही की बसवून करायचं, हनुवटी जरा खाली, आणि बसता येत नसेल तर कुशीवर वळवायचं, गालाखाली टॉवेल, पाणी ओतायचं नाही, ब्रश ओला करून झटकायचा, पेस्ट बोटभर नको, ब्रशला नुसती लावल्यासारखी आणि फेस ओल्या गॉजने टिपून घ्यायचा. नाकात नळी असलेल्या दोघांचं तोंड कुणी साफच करत नव्हतं कारण "ते तोंडाने खातच नाहीत ना". उलट त्यांना जास्त गरज, न खाल्ल्याने तोंड कोरडं पडतं, जंतूंचे थर साचतात आणि झोपेत तीच लाळ थोडी थोडी फुप्फुसात उतरते. जपानमध्ये ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं अभ्यास झाला होता, १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, तो मी त्यांना सोपा करून सांगितला: ज्यांचं तोंड प्रत्येक जेवणानंतर स्टाफने साफ केलं त्यांच्यात न्यूमोनिया ११ टक्के लोकांना झाला, बाकीच्यांत १९ टक्के. आणि हा फायदा बोळकं असलेल्यांनाही दिसला होता. "दातच नाहीत तर काय घासायचं" हा प्रश्न त्यानंतर आला नाही, हिरड्या आणि जीभ मऊ ब्रशने घासायची हे पटलं.

बोरोग्लिसरीनची बाटली मात्र बंद करायला वेळ लागला. कोरडे ओठ, कोरडी जीभ, की लाव बोरोग्लिसरीन, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मी ते थांबवून थोडं थोडं पाणी देणं, गिळता येत नसेल तर ओला गॉज फिरवणं आणि ओठांना व्हॅसलीन सुरू केलं, ऑक्सिजन चालू असेल तर व्हॅसलीन नाही. तोंड कोरडं का पडतं तेही बघितलं, डिप्रेशनच्या, अ‍ॅलर्जीच्या, वारंवार लघवीला लागू नये म्हणूनच्या गोळ्या खूप जणांना होत्या, ती यादी फिजिशियनना दिली.

आता चावणारे आजोबा. डिमेन्शिया, पूर्वी एसटीत कंडक्टर. त्यांचं तोंड टॉर्चने नीट बघायलाच तीन दिवस लागले, आणि बघितलं तर खालच्या दाढेचा तुटका खुंट, टोक धारदार, जिभेच्या कडेला जखम. ब्रश लागला की कळ यायची, सांगता येत नव्हतं, म्हणून चावायचे. रक्त पातळ करायची गोळी चालू होती, फिजिशियनशी बोलून मग खुंट काढला. त्यानंतरही ते लगेच तयार झाले असं नाही. मावशी समोर स्टूलवर बसायच्या म्हणजे नजरेला नजर, ब्रश त्यांच्याच हातात द्यायच्या आणि वरून आपला हात, दुसऱ्या हातात धरायला घडी केलेला कागद, "मास्तर, तिकीट द्या की" म्हणत. दातांच्या मधे बोट कधीच घालायचं नाही, गाल बाजूला करायला दुसऱ्या ब्रशची दांडी. नाही म्हणाले तर सोडून द्यायचं, चहा झाल्यावर परत, किंवा दुसऱ्या मावशी. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पूर्ण तोंड साफ झालं, मावशींनी मला क्लिनिकमध्ये फोन करून सांगितलं, पेशंट खुर्चीत होता तरी मी उचलला.

आणि एक साताऱ्याकडच्या आजी, जन्मभर बोटाने मिश्री लावलेली, ब्रश दिसला की तोंड फिरवायच्या. त्यांना बोटावर पेस्ट दिली, घासा म्हटलं. घासलं. दीड महिन्याने ब्रशवर आल्या. मिश्री सुटली नाहीये पूर्ण, दोनदाची एकदा झालीय.

कवळ्यांना नावं घातली, गुलाबी भागाची बाहेरची बाजू बारीक पॉलिश पेपरने घासून मार्करने नाव आणि वर क्लिअर कोट. प्रत्येकाला झाकणाचा डबा. साध्या साबणाने धुवायची, टूथपेस्टने चरे पडतात, गरम पाण्याने आकार बिघडतो, रात्री साध्या पाण्यात. आणि ओहॅट नावाचा तपासणीचा तक्ता आहे, ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, दात, कवळी, स्वच्छता, दुखणं अशा ८ गोष्टींना ० ते २ मार्क, तो मी मराठीत एका पानावर करून दिला, महिन्यातून एकदा भरतात. वाचता न येणाऱ्या मावशींसाठी चित्रं काढली.

सगळ्यात अवघड काय गेलं तर वेळ. सकाळी पाच जणींना ३४ जणांचं अंघोळ, चहा, नाश्ता, गोळ्या. तिथे मी "दोनदा ब्रश" म्हणून मोकळी होणार आणि त्यांनी ते कुठून आणायचं? मॅनेजरबरोबर बसून ठरवलं की रात्रीचं कुणाचंच चुकवायचं नाही, सकाळी अंथरुणावरच्यांचं आधी, बाकीच्यांचं नाश्त्यानंतर, आणि संध्याकाळी एक माणूस वाढवून घेतला. हे पैसे मंजूर व्हायला दोन महिने गेले, तोपर्यंत "ब्रश झालं" म्हणून कागदावर केलेल्या खुणा खऱ्या नव्हत्या हे मला माहीत होतं आणि मावशींना मी त्यावरून एकदाही बोलले नाही.

सहा महिन्यांत निम्मा स्टाफ बदलला, घरी जाऊन पेशंट सांभाळला तर जास्त पैसे मिळतात. आता नव्या मुलींना त्या बोटावर वण असलेल्या मावशीच शिकवतात, त्यासाठी त्यांचा पगार थोडा वाढवून घेतलाय. मागच्या महिन्यात गेले तेव्हा एका नव्या मुलीला आडवं झोपवून ब्रश करत होत्या, तिला ठसका लागेपर्यंत, आणि मग म्हणाल्या, "कळलं? आता तात्यांना कुशीवर घे." रात्रपाळीचं अजून नीट बसलेलं नाही, दोन कवळ्या सकाळी तोंडातच सापडल्या. या रविवारी रात्री नऊला जाणार आहे.